वाचनालयाची वेबसाइट केली, आणि गुरुजींनी ती मला ऐकवून दाखवली

पारावरचा_पोऱ्या

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे, वय शंभराच्या पुढे. गेल्या दिवाळीत कार्यवाहांनी मला गाठलं. "तू पुण्यात कॉम्प्युटरचंच करतोस ना, मग आपल्याला एक वेबसाइट करून दे की." मानधन शाल आणि श्रीफळ. तीन रात्री बसून करून दिली. थीम पूर्वी एका हिंदी दुकानासाठी वापरलेली होती, तीच उचलली. वर भगवी पट्टी, त्यावर पांढऱ्या अक्षरात वाचनालयाचं नाव, खाली आपोआप सरकणारे फोटो, आणि कार्यवाहांच्या खास आग्रहाखातर 'नवीन पुस्तके' सांगत उजवीकडून डावीकडे धावणारी ओळ. पेढे वाटले गेले.

पंधरा दिवसांनी आमचे जुने गुरुजी भेटले. वाचनालयाचे चाळीस वर्षांचे सभासद. साखरेनं दृष्टी गेली, तेव्हापासून फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, लावून सगळं ऐकतात. म्हणाले, "तुझी साइट ऐकली रे. बस इथं."

फोन मधे ठेवला आणि बोट उजवीकडे सरकवत गेले. एकेका सरकवणीला एकेक आवाज. "आयएमजी अंडरस्कोर शून्य चार सात, ग्राफिक." हे वाचनालयाचं बोधचिन्ह. मग अकरा लिंका. मग "बटन, लेबल नाही. बटन, लेबल नाही." ते फोटो पुढेमागे करायचे बाण. मग "येथे क्लिक करा, लिंक. येथे क्लिक करा, लिंक. येथे क्लिक करा, लिंक." सभासद अर्जावर आलो तर "एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. एडिट बॉक्स." नाव, पत्ता, मोबाइल हे शब्द मी रकान्यांच्या शेजारी नुसते टाकले होते, रकान्यांना जोडलेच नव्हते.

आणि शेवटी कळस. पानावर लिहिलंय 'वार्षिक वर्गणी ३५० रुपये'. फोन म्हणाला, "वार्षिक वर्गणी तीन सौ पचास रुपये."

गुरुजी म्हणाले, "आपलं वाचनालय हिंदीत कधीपासून बोलायला लागलं?"

घरी येऊन बघितलं. पहिल्याच ओळीत, एचटीएमएल टॅगच्या लँगमध्ये, म्हणजे पानाची भाषा सांगायच्या जागी, हिंदीचं 'एचआय' तसंच राहिलेलं. मराठीसाठी तिथे 'एमआर' हवं. दोन अक्षरं. ती बदलली आणि आकडा 'तीनशे पन्नास' झाला. बाकीचं मात्र दोन अक्षरांचं काम नाही. मोजलं तर एका पानात २१४ डिव्ह, म्हणजे नुसते बिनअर्थाचे डबे, आहेत आणि बटन टॅग एकही नाही.

तर सुरुवात कुठून करू? सगळं पाडून नवं बांधू की डागडुजी करू?

जुनाखोड

पाडा. तीन रात्रींचंच बांधकाम आहे, हळहळ कसली.

पण पाडण्याआधी एक करा. फायरफॉक्समध्ये मेनूतून पानाची शैली बंद करता येते. सीएसएस काढून पान उघडंबोडकं बघा. मथळा, परिच्छेद, यादी, अर्ज अशा क्रमाने ते वाचता आलं, तर मार्कअप, म्हणजे पानाची टॅगांची मांडणी, ठीक आहे. फोटो आधी, मग तळाचा पत्ता, मग मधेच मथळा असं दिसलं, तर गुरुजींनाही तेच ऐकू येतंय असं समजा.

आम्ही १९९९ साली पानं करायचो तेव्हा सगळा संसार टेबलात. टेबलाच्या पोटात टेबल, त्याच्या पोटात अजून एक, आणि अंतर ठेवायला एक पिक्सेलची पारदर्शक जिफ. २००३ मध्ये सीएसएस झेन गार्डन आलं आणि डोळे उघडले. एकच एचटीएमएल, त्याला हात न लावता नुसती शैली बदलून डझनावारी वेगवेगळी रूपं. मजकूर काय आहे ते एचटीएमएलने सांगायचं, दिसायचं कसं ते सीएसएसने. हे तेव्हा कळलं ते कळलं. मधल्या काळात मंडळी टेबलांतून उठली आणि डिव्हमध्ये जाऊन बसली. म्हणजे चाळ सोडली आणि फ्लॅटमध्ये तोच पसारा मांडला.

आता मुद्द्याचं. क्लिक करून काही घडतं ते बटन. दुसरीकडे जातो ती लिंक. डिव्हला क्लिक लावलंत तर माउसवाल्याचं काम होतं, पण टॅब कीने तिथे पोचता येत नाही, एंटर किंवा स्पेसने दाबता येत नाही, आणि हे बटन आहे असं कुणी सांगतही नाही. बटन टॅगमध्ये हे सगळं फुकट मिळतं. लोक आधी डिव्ह घेतात, मग त्याला रोल लावतात, टॅबइंडेक्स लावतात, कीबोर्डसाठी स्क्रिप्ट लिहितात, आणि एवढं करून स्पेस दाबली की पान खाली सरकतं. घरात पोळपाट असताना परातीच्या बुडावर पोळी लाटण्याचा प्रकार.

हेडिंगचंही तसंच, एच१ सगळ्यात वरच्या पातळीचं, एच२ त्याखालचं. 'एच२ फार मोठं दिसतं म्हणून एच४ घेतलं' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. आकार सीएसएसने कमी करा हो! पातळी अर्थावरून ठरते. आणि प्रत्येक सेक्शनमध्ये एच१ टाकलं तरी ब्राउझर पातळी आपोआप लावेल असं जुन्या शिकवण्यांत सापडेल, त्यावर विसंबू नका. ते आउटलाइन प्रकरण ब्राउझरांनी कधी आणलंच नाही आणि २०२२ मध्ये मानकातूनही काढून टाकलं.

कानाने_वाचणारी

मी जन्मापासून पाहू शकत नाही, बँकेत नोकरी करते, दिवसभर एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरते. फुकट मिळतो, सोर्स खुला आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केलेला.

बऱ्याच जणांना वाटतं की आम्ही पान पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकतो. कुणाकडे एवढा वेळ आहे? तुम्ही जशी नजर फिरवता तशी मी बोटं फिरवते. एच दाबलं की पुढचं हेडिंग. के म्हणजे लिंक, बी बटन, एफ अर्जाचा रकाना, टी टेबल, डी म्हणजे पानाचा पुढचा मोठा भाग, म्हणजे मेनू, मुख्य मजकूर, तळपट्टी असं. नवीन पान उघडलं की मी आधी चार-पाच वेळा एच दाबते. काहीच लागलं नाही तर समजते, इथे भिंतीला चाचपडत जावं लागणार.

तुमच्या 'येथे क्लिक करा'बद्दल. पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी एका कळीवर उघडता येते. आसपासचं वाक्य तिथे नसतं, फक्त लिंकचे शब्द. एका संस्थेच्या पानावर मला 'येथे क्लिक करा' चौदा वेळा मिळालं. चौदा सारख्या दारांची चाळ, एकावरही पाटी नाही. 'सभासद अर्ज डाउनलोड करा' असं लिहिलं की झालं.

डिव्हच्या बटनावर एनव्हीडीए मला 'क्लिकेबल' एवढंच सांगतो. कशाला क्लिक करायचं, काय होणार, देव जाणे.

आणि पोऱ्या, गुरुजींचं नशीब म्हणून निदान हिंदीत ऐकू आलं. लँगमध्ये इंग्रजी असेल आणि आवाज इंग्रजीपुरताच असेल तर काही आवाज देवनागरी अक्षरं सरळ गिळून टाकतात. पानभर मराठी आणि मला ऐकू येतात मधले दोन इंग्रजी शब्द.

एकच_सवाल

राग मानू नका, पण व्यवहाराचं बोलतो. तालुक्याच्या वाचनालयाच्या साइटवर दिवसाला येणार वीस जण. त्यात अंध किती? एक गुरुजी. त्यांना कार्यवाहांनी फोनवर माहिती दिली तर नाही चालणार? वेबएआयएम नावाची अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख मुख्य पानं तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांत अशा वाचकांना अडवणाऱ्या चुका सापडल्या. म्हणजे जवळपास सगळं जगच चुकीचं चाललंय आणि तरी चाललंय.

आणि जुनेखोडकाका, तुम्ही मार्कअप तपासायला सांगता, पण त्यातल्या चुका दाखवणारं ते व्हॅलिडेटर वगैरे मेलं आता. दिव्यांगांनाही वेब वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांच्या २.२ आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये, शुद्ध मार्कअपचा तो निकष त्यांनी स्वतःच काढून टाकला. ब्राउझर सगळं सांभाळून घेतात.

जुनाखोड

निकष ४.१.१ काढला हे खरं. गृहपाठ करून आलायत, बरं वाटलं. पण का काढला ते बघा. मोडकं एचटीएमएल कसं वाचायचं याचे नियमच मानकात लिहिले गेले, त्यामुळे सगळे ब्राउझर तीच चूक त्याच पद्धतीने दुरुस्त करतात. आणि ज्या चुकांनी माणूस खरंच अडतो त्या दुसऱ्या निकषांत पकडल्या जातातच.

ब्राउझर सांभाळून घेतो म्हणजे तुमच्या मनातलं ओळखतो असं नाही. परिच्छेदाच्या पी टॅगमध्ये डिव्ह टाकून बघा. डिव्ह दिसताक्षणी ब्राउझर पी बंद करून मोकळा होतो. मग तुम्ही तासभर डोकं धरून बसता की पी ला दिलेला रंग आतल्या मजकुराला का लागत नाही. व्हॅलिडेटर तेच एका ओळीत सांगतो.

किंवा एकच आयडी, म्हणजे रकान्याची ओळखखूण, दोनदा. पोऱ्याने अर्ज कॉपी-पेस्ट केला असेल तर 'मोबाइल' आयडीचे दोन रकाने झाले असणार. दुसऱ्या लेबलवर टिचकी मारली की कर्सर पहिल्या रकान्यात जातो. ही अडचण काय फक्त अंधांची आहे? बघा करून.

पारावरचा_पोऱ्या

काका, तुम्ही ज्योतिष बघता का? पालकांचा आणि बालसभासदाचा मोबाइल. दोन्हीला एकच आयडी. 😐

लालफीत

सरकारी वेबसाइटींच्या निविदा लिहिणं आणि तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून 'एक गुरुजी' या मुद्द्यावर बोलतो.

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यात दृष्टीचे सुमारे ५० लाख. पण हा आकडा पूर्ण नाही. पंचावन्नच्या पुढचा, चष्मा घरी विसरलेला माणूस कुठे नोंदवला जातो? उन्हात एसटीची वाट बघत फोन वाचणारा? उजवा हात प्लॅस्टरमध्ये असणारा?

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या ४२व्या कलमात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेचं, म्हणजे ते दिव्यांगांनाही वापरता येण्याचं, आहे. सरकारी साइटींसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची, आणि एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेकडून प्रमाणपत्र घेता येतं. आपल्या देशाचं वेगळं मानकही आहे, आयएस १७८०२. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक किमान निकष हवेत. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात अर्जदारांत ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. केवायसी करताना कॅमेरा म्हणतो डोळे मिचकावा, आणि त्यांना मिचकावता येत नाहीत. पडद्यामागे कुणीतरी 'जिवंतपणाची चाचणी म्हणजे डोळ्यांची उघडझाप' असं गृहीत धरून कोड लिहिला होता, एवढंच.

वाचनालयावर कुणी खटला भरणार नाही, मान्य. पण 'फोन करून विचारा' हे उत्तर मला पटत नाही. रात्री अकरा वाजता पुस्तकांची यादी चाळायची हौस डोळसांनाच असते का?

आता माझ्या धंद्यातली गंमत. निविदेत 'सुगम वेबसाइट' लिहिलं की ठेकेदार वरच्या कोपऱ्यात अक्षरं लहानमोठी करायची तीन बटनं लावतो आणि काम झालं म्हणतो. ती बटनं ब्राउझरमध्ये आधीपासून आहेत. आणि त्याच पानाच्या मेटा टॅगमध्ये फोनवर बोटांनी मोठं करणं बंद केलेलं असतं! खिडकी खिळे ठोकून बंद करायची आणि वर पंखा लावून दिला म्हणून मिरवायचं. ती स्क्रीनभर तरंगणारी 'सुगमता' विजेटंही त्याच माळेतली.

कानाने_वाचणारी

विजेटांबद्दल लालफीतना दहा वेळा अनुमोदन. माझ्याकडे माझा स्क्रीनरीडर आहे, तुमचा दुसरा बोलका पोपट नको.

टंकशाळा

आलो. देवनागरीचं नाव काढलं की मला राहवत नाही.

इंग्रजी शिकवण्या वाचून मराठी पान सुगम करायला गेलात तर निम्म्या गोष्टी त्यात सापडणारच नाहीत. मी माझ्या परीने सांगतो, क्रम असा काही नाही.

लँग 'एमआर' केल्याचा फायदा कानालाच नाही, डोळ्यालाही आहे. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा. नोटो सान्स देवनागरीसारख्या टंकांत (फॉन्टांत) दोन्ही रूपं असतात, आणि कुठलं दाखवायचं ते भाषेच्या खुणेवरून ठरतं. पहिलीत गिरवलेला ल हवा असेल तर ते 'एमआर' लागतंच.

ओळींमधलं अंतर. रोमन लिपीसाठी १.२ ठीक दिसतं. आपल्याला वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटं. 'द्धू'खाली 'र्की' आली की एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर आपटते. १.६ ते १.८ ठेवा आणि एकक लावू नका, नुसता आकडा. ठरावीक उंचीच्या डब्यात मजकूर कोंबून बाहेरचं कापून टाकलंत तर आधी उकार कापला जातो. 'पुणे'चं 'पणे' झालेलं बटन मी पाहिलेलं आहे.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही. थीमवाले मथळ्याला ते हमखास लावून ठेवतात. आपली शिरोरेषा तुटते, माळेतले मणी विखुरल्यासारखं दिसतं. वाचकाला अंतर वाढवता यावं असं डब्ल्यूसीएजीत आहे, पण ज्या लिपीत एखादा गुणधर्म वापरलाच जात नाही तिला त्यापुरती सवलतही तिथेच आहे. तिरकी अक्षरंही नकोत. आपल्या बहुतेक टंकांत खरी तिरकी घडण नसते, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकडं करतो.

मजकूर तोडणं. 'पुढे वाचा'च्या आधी स्क्रिप्टने पन्नासाव्या कोडपॉइंटवर (साठवणीतल्या सुट्या चिन्हावर) कात्री लावली की अक्षर एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे. मग ती मात्रा बिचारी ठिपक्यांच्या गोलावर बसून राहते. शब्दाच्या सीमेवर तोडा.

भगव्यावर पांढरं. पोऱ्या, हे तुला लागणार. नेहमीचा भगवा म्हणजे एफएफ९९३३ या संकेतांकाचा रंग धरला तर त्यावर पांढऱ्या अक्षराचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर येतं २.१ ला १. नेहमीच्या मजकुराला किमान ४.५ हवं, मोठ्या ठळक अक्षरांनाही ३. त्याच भगव्यावर काळं लिहिलंस तर ९.९ च्या आसपास. कार्यवाहांना सांग की भगवा कुठे जात नाही, फक्त अक्षरांचा रंग बदलतोय. करड्याचंही तसंच, पांढऱ्यावर ७७७७७७ हा करडा ४.४८ ला अडकतो आणि ७६७६७६ पास होतो. डोळ्याला फरक कळणार नाही, म्हणून अंदाजाने ठरवू नका, मोजा.

आता तुझ्या नावातला 'ऱ्या'. हा दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखे, पण शोधाच्या खिडकीत एक लिहिलं की दुसरं सापडत नाही. काही जण मजकूर 'स्वच्छ' करताना न दिसणारी अक्षरं उडवतात. मग दऱ्याचं दर्या होतं. दोन डोंगरांमधली जागा समुद्र होऊन बसते. ॲ चंही असंच दुहेरी आहे. यादीत शोध देणार असशील तर साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घे.

राईनकाठी

जर्मनीहून हजेरी. इकडे २८ जून २०२५ पासून युरोपचा सुगमतेचा कायदा खाजगी कंपन्यांनाही लागू झाला. ऑनलाइन दुकानं, बँका, तिकिटं, ई-पुस्तकं. त्याआधीचे सहा महिने आमच्या ऑफिसात जी पळापळ होती ती बघता सांगतो, आधीपासून नीट बांधा. आमच्याकडे एका सुंदर ड्रॉपडाउनवर तीन जणांचे दोन आठवडे गेले. शेवटी साधा सिलेक्ट टॅग ठेवला. सगळे सुखी.

एआरआयए, म्हणजे स्क्रीनरीडरसाठी टॅगवर लावायच्या जादा पाट्या, फार आवडीने लावू नका एवढंच म्हणेन. साधा टॅग असेल तर तोच वापरा, हा त्यांचाच पहिला नियम आहे. चुकीचं एआरआयए म्हणजे चुकीची पाटी. पाटी नसेल तर माणूस विचारतो तरी.

एकच_सवाल

ठीक आहे, मी पूर्ण विरोधात नाहीये. टॅब दाबला की बटनाभोवती येणाऱ्या फोकसच्या त्या निळ्या चौकटीबद्दल सांगा. आमचा डिझायनर ती बघितली की ओरडतो. मी नेहमी सीएसएसमध्ये आउटलाइन नन करून ती घालवून टाकतो.

जुनाखोड

तुम्हीच का ते! माउस बाजूला ठेवा आणि तुमच्याच साइटवर टॅब दाबत अर्ज भरून दाखवा. तिसऱ्या टॅबला कळणार नाही की आपण कुठे आहोत. फोकस-व्हिजिबल वापरा. माउसने बटन दाबणाऱ्याला सहसा चौकट दिसत नाही, कीबोर्डवाल्याला दिसते. डिझायनरला चौकटीचा रंग निवडू द्या, म्हणजे तोही गप्प.

पारावरचा_पोऱ्या

तीन आठवडे झाले. पाडलं आणि बांधलं. काय काय केलं ते सांगतो, सगळं नाही.

डिव्ह २१४ वरून ३१ वर. हेडर, नॅव्ह, मेन, फूटर. सगळ्यात वर 'थेट मजकुराकडे जा' ही लिंक, एरवी लपलेली, टॅब दाबला की दिसते. सरकते फोटो काढले, तीन फोटो एकाखाली एक ठेवले. ऑल्ट, म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन, लिहिताना गंमत झाली. आधी मी प्रत्येक फोटोला 'वाचनालयाचा फोटो' लिहिलं. कानाने_वाचणारी ताईंनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं, "फोटो आहे हे एनव्हीडीए सांगतोच, त्यात काय आहे ते सांग ना." मग लिहिलं, 'वाचनकक्षात लांब लाकडी मेजाभोवती वर्तमानपत्रं वाचणारे सात सभासद'. नक्षीच्या वेलबुट्टीला ऑल्ट रिकामा ठेवला. गाळला नाही, रिकामा ठेवला. गाळला की फाइलचं नाव वाचून दाखवलं जाऊ शकतं, हे आता अनुभवाने माहीत.

धावत्या ओळीवरून कार्यवाहांशी अर्धा तास. "सगळ्या साइटींवर असते!" मी सांगितलं की पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणारं काही असेल तर ते थांबवायची सोय द्यावी लागते, आणि मार्की हा टॅग तर मानकातून कधीच बाद झालाय. काही पटेना. शेवटी त्यांना म्हटलं, चष्मा काढा आणि ही ओळ वाचा. वाचता वाचता पुस्तकाचं नाव डावीकडे निघून गेलं. गप्प झाले. आता तिथे साधी पाच पुस्तकांची यादी आहे.

अर्जाच्या वेळी एक नवीनच खड्डा सापडला. मोबाइलच्या रकान्यात एका सभासदाने मराठी कळफलकावरून ९८ असं टंकलं आणि अर्ज म्हणाला 'चुकीचा क्रमांक'. जावास्क्रिप्टमधला अंक ओळखायचा बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी आकडे पकडतो. पायथॉनमधला देवनागरीही पकडतो, म्हणून मागच्या बाजूला चाचणी करताना मला हे कळलंच नव्हतं. आता आधी आकडे बदलून घेतो, मग तपासतो. मराठी वाचनालयात मराठी आकडा चुकीचा, असं मीच लिहून ठेवलं होतं.

पुस्तकांची यादी आधी स्कॅन केलेलं चित्र होतं. तिचं खरं टेबल केलं, वर कॅप्शन, रकान्यांना टीएच आणि स्कोप. शीर्षक, लेखक, विभाग, दाखल क्रमांक. मूळ टंकलेखन जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातलं, ते रूपांतर करून घेतलं.

आणि मग गुरुजींकडे गेलो. त्यांचा नातू लॅपटॉप घेऊन बसला होता, त्यावर एनव्हीडीए. कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबून गुरुजी टेबलात घरोघरी फिरले. प्रत्येक घराला आधी रकान्याचं नाव, मग आतला मजकूर. 'विभाग' वर आले आणि थांबले. परत ऐकलं. परत.

"दर्याखोर्यांतील प्रवास? हे कोणतं खातं काढलंत?"

टंकशाळा, तुमचा तो न दिसणारा जोडक. रूपांतर करणाऱ्या स्क्रिप्टने उडवला होता. मी तर पन्नास वेळा त्या यादीवरून नजर फिरवली होती, दिसलं नव्हतं. चोवीस पुस्तकं समुद्रात.

टंकशाळा

😂 सांगितलं होतं. नुसता शोधा-आणि-बदला मारू नकोस मात्र. 'सूर्य'चा 'सूऱ्य' करून बसशील. शब्दांची यादी करून बदल.

पारावरचा_पोऱ्या

उशीर झाला. 'आऱ्य', 'काऱ्यकारिणी'. कार्यवाहांचं 'काऱ्यवाह' झालंय आणि त्यांनी ते छापून भिंतीवर लावलंय. गुरुजींनी पूर्ण यादी ऐकून शुद्धलेखनाच्या चुका सांगायचं मनावर घेतलंय, रोज संध्याकाळी दोनशे ओळी. काल १,१०० पर्यंत पोचले. पुस्तकं ९,००० आहेत.

कानाने_वाचणारी

गुरुजींना नमस्कार सांगा. आणि वाचायचा वेग वाढवायला शिकवा त्यांना, नाहीतर पुढचा महिनाभर यातच जाईल. यादी पुरी झाली की इथे लिंक टाका. 'येथे क्लिक करा' नको, नाव लिहा.